काकांनी न वाचलेला कागद

"तू लिही, मी सांगतो," असं म्हणून पाळकसाहेबांनी आपलं पेन माझ्यापुढे ठेवलं. "माझं अक्षर त्याला लागायचं नाही."

शुक्रवारची दुपार होती. पाळकसाहेबांच्या ओसरीवर आम्ही दोघंच बसलो होतो. शाळा सुटल्यावर मी तशीच तिकडे आले होते, हाताला खडू लागलेला होता. तो मी पदराला पुसला आणि लिहायला घेतलं. ते एकेक वाक्य तोलून सांगत होते.

'मी, एलिया दाविद पाथरे, देवासमोर व या मंडळीसमोर कबूल करतो की, बारा वर्षांपूर्वी सैतान माझ्या अंतःकरणात शिरला आणि त्याने माझ्या हातून माझा थोरला भाऊ यशवंत याचा घात करविला. मी सैतानाचा व त्याच्या सर्व कृत्यांचा धिक्कार करतो. मंडळीने मला क्षमा करून प्रभूच्या मेजावर परत घ्यावे.'

यशवंत म्हणजे माझे वडील. ही वाक्यं मी न थांबता, न अडखळता लिहिली, कारण त्यातलं एकही वाक्य मला नवीन नव्हतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, वस्तीतल्या शाळेत शिकवायचे. आमचं रांजणखेड राहुरी तालुक्यात आहे. गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची पंचवीसेक घरं, एक शाळा आणि एक देऊळ. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात, आणि तिथल्या धर्मगुरूला पाळक. मी सात वर्षांची असताना, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, पाटाच्या चारीवर एलियाकाकांनी माझ्या वडिलांच्या डोक्यात फावडं घातलं. वडील शाळेत मास्तर होते, सुट्टीच्या दिवशी शेतात जायचे. काका शेत बघायचे. काकांच्या लग्नाचं श्रीरामपूरकडचं एक स्थळ जमत आलं होतं. मुलीच्या बापानं वडिलांना विचारलं, मुलगा पितो का, आणि वडिलांनी खरं ते सांगितलं. स्थळ मोडलं. त्यावरून त्या दुपारी बोलाचाली झाली, एवढंच आम्हाला माहीत होतं. तिथं तिसरं कुणी नव्हतं. कोर्टात काकांनी मान खाली घालून गुन्हा कबूल केला आणि बाकी एक अक्षर बोलले नाहीत. जन्मठेप झाली. येरवड्याला गेले.

वडिलांना पुरल्यावर तिसऱ्या दिवशी आजीनं मला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "काका नव्हता गं तो. काकात सैतान शिरला होता."

मी ते धरून ठेवलं. मला ते हवंच होतं. काका मला ज्वारीच्या ताटांची बैलगाडी करून द्यायचे, पाटाच्या पाण्यात धरून पोहायला शिकवायचे. त्यांच्या खांद्यावर बसलं की मला गावातल्या सगळ्यांच्या डोक्यावरून दिसायचं. वडील गेले तेव्हा खरं तर माझी दोन माणसं गेली होती. आजीच्या त्या एका वाक्यानं त्यातलं एक मला परत मिळालं. सैतान शिरला आणि निघून गेला, मधे काका अडकले, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. पुढे गावातही सगळे तसंच म्हणायला लागले. रविवारच्या शाळेत बायबलातला, भावानं भावाला मारल्याचा धडा आला की बाई मला विहिरीवरून कळशी भरून आणायला पाठवायच्या. मी परत येईपर्यंत धडा संपलेला असायचा.

आई मात्र कधीच काही म्हणाली नाही. ती सव्वीस वर्षांची होती तेव्हा. पुढे ती दवाखान्यात आया म्हणून लागली. बाया येऊन तिला समजवायच्या की मार्था, ते सैतानाचं काम, तू मनात काही ठेवू नको. ती ऐकून घ्यायची, त्यांना चहा करून द्यायची आणि पदर खोचून कामाला लागायची. आजीला ती आत्याबाई म्हणायची. दोघी एका घरात राहत होत्या, एका चुलीवर रांधत होत्या, पण काकांचं नाव त्यांच्यात निघत नव्हतं.

चांगल्या वागणुकीमुळे शिक्षा कमी होऊन काका सुटून आले तेव्हा आजी आधी त्यांना घरी आणायचं म्हणाली. आई नुसती उठून गोठ्यात गेली. आजी काय समजायचं ते समजली. काकांनी देवळामागच्या खोलीत पथारी टाकली, जिथं मोडकी बाकं ठेवायचे. दोन महिने ते तिथंच राहत होते. देऊळ झाडायचे, घंटा वाजवायचे आणि उपासनेच्या वेळी बाहेर पायरीवर बसायचे, कारण त्यांना मंडळीबाहेर काढलेलं होतं. त्यांना परत घ्यायचं का, यावर वडीलधाऱ्यांच्या तीन बैठका झाल्या. निम्मे नको म्हणत होते. शेवटी पाळकसाहेबांनी असा मजकूर काढला की ज्यावर सगळ्यांचं एकमत झालं. तोच मी लिहीत होते.

लिहून झाल्यावर मी विचारलं, "पाळकसाहेब, सैतान खरंच माणसाच्या आत शिरतो?"

शांतवन अमोलिक आमच्याकडे सात वर्षं पाळक होते. माणूस शांत, कधी आवाज चढवायचा नाही. ते मला पुष्कळ वेळ समजावत राहिले. देवानं जे केलं ते सगळं चांगलंच केलं. सैतानसुद्धा आधी दूत होता, उजेडातला. मग त्याला गर्व झाला आणि तो पडला. तेव्हापासून तो माणसाच्या कानाशी लागतो.

"वाईटाला स्वतःचं असं काही नसतं, रिबा," ते म्हणाले. "ती चांगल्याला लागलेली कीड असते. फळ नसेल तर कीड जगणार कशावर?"

"पण चांगल्या फळात ती जाते कशी?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. "तिथं आल्यावर आम्हाला शास्त्र शिकवणारे गुरुजीसुद्धा थांबायचे," ते म्हणाले. मग कागदाची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. "नेऊन दे त्याला. आणि सांग, दोनदा वाचून ठेव म्हणावं. रविवारी अडखळायला नको."

काका देवळामागच्या खोलीच्या दारात बसून एका बाकाचा पाय ठोकत होते. अडतिसाव्या वर्षी त्यांचे केस पांढरे झाले होते. मी आठवड्यातून दोन-तीनदा तिकडे जायचे, पण आमचं बोलणं फार व्हायचं नाही. ते शाळेतल्या मुलांचं विचारायचे, मी सांगायचे. मला तेवढं पुरायचं.

त्यांनी कागद उलगडला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे तू लिहिलंस?"

"पाळकसाहेबांनी सांगितलं. मी लिहिलं."

"अक्षर दादासारखं आहे." त्यांनी ओळींवरून अंगठा फिरवला. मग वर न बघता विचारलं, "तुलाही असंच वाटतं?"

"हो," मी म्हणाले. "तुम्ही नव्हतातच ते, काका. मला लहानपणापासून माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी माया होती, की ते आता माझ्या डोक्यावर हात ठेवतील असं मला वाटलं. त्यांनी हात उचललाही. पण तो तसाच परत मांडीवर ठेवला, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "जा आता. आजी वाट बघत असेल."

रविवार महिन्यातला पहिला होता, म्हणजे प्रभुभोजनाचा. देऊळ भरलं होतं. आजी पहाटेच उठून न्हाली होती, ठेवणीतलं लुगडं नेसली होती. बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर आजी, आई आणि मी, अशा आम्ही बसलो. आई येईल की नाही याची मला खात्री नव्हती. पण ती नेहमीसारखी आली, नेहमीच्या जागी बसली. पुढे मेजावर पांढरं कापड घातलेलं होतं, त्याखाली भाकर आणि प्याले.

पाळकसाहेबांनी काकांना आत बोलावलं. पायरीवरून उठून ते बाकांच्या मधून पुढे गेले आणि मंडळीकडे तोंड करून उभे राहिले. खिशातून कागद काढला. आजीनं माझं मनगट धरलं. तिचे ओठ हलत होते.

काका कागदाकडे बघत राहिले. इतका वेळ गेला की मागून कुणीतरी हळूच म्हणालं, त्याला चष्मा द्या. तेव्हा त्यांनी मान वर केली.

"मला हे वाचता येणार नाही," ते म्हणाले. त्यांनी घडी घालून कागद परत खिशात ठेवला. मग त्यांनी एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या पुतणीनं लिहिलंय. चांगलं लिहिलंय. पण हे खरं नाही. बारा वर्षं मी सैतानाला शोधत होतो. तुरुंगात दुसरं काय करणार. तो सापडला असता तर बरं झालं असतं, मला झोप लागली असती. त्या दुपारची एकेक गोष्ट मी उलटीपालटी करून बघितली. दादा हसला. मग पाठ वळवून चारीवर वाकला. फावडं माझ्या हातात होतं, ते मी उचललं." त्यांचा आवाज चढला नाही की कापला नाही. "उचलल्यावर वेळ होता. फार नव्हता, पण होता. खाली ठेवता येईल हे मला कळत होतं. मी ठेवलं नाही. तिथं मला ढकलणारं दुसरं कुणी नव्हतं. सैतान आहे असं शास्त्र सांगतं, तेव्हा तो असेलच. पण हे त्यानं केलं नाही, मी केलं. ते माझं आहे. तुम्ही मला आत घेतलं नाही तरी माझं काही म्हणणं नाही."

बाहेर एक कोंबडी ओरडत होती, तेवढाच आवाज. आजीच्या हाताची पकड सुटली. मग पुरुषांच्या बाजूनं एक म्हातारे उठले आणि म्हणाले, असं असेल तर आम्हाला पुन्हा बसून विचार करावा लागेल. पाळकसाहेबांनी मान हलवली. काका आले तसे बाकांच्या मधून बाहेर गेले.

मी उठले आणि बाहेर पडले. प्रार्थना चालू झाली होती, त्याचंही मला भान नव्हतं. घरापर्यंत मी जवळजवळ पळत गेले. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. तो कागद माझ्या हातचा होता. त्यात एकही अवघड शब्द नव्हता. तेवढं वाचलं असतं तर काय बिघडलं असतं? बारा वर्षं मी ज्या माणसाला जपलं होतं, त्याला त्यांनी सगळ्यांसमोर मारून टाकलं, असं मला वाटत होतं. 'वेळ होता' हे दोन शब्द माझ्या कानातून जाईनात. वेळ होता. म्हणजे मला पोहायला शिकवणारेच हात होते ते. दुसऱ्या कुणाचे नव्हते.

थोड्या वेळानं दोन बाया आजीला धरून घेऊन आल्या. तिला मी खाटेवर बसवलं, पाणी दिलं. तिनं घोटभर घेतलं. बाया गेल्यावर ती भिंतीकडे बघून बोलायला लागली.

"का नाही वाचलं त्यानं? म्या काय मागितलं होतं?"

मी तिच्या हातातून पाण्याचा पेला घेतला.

"दोघंबी माझेच होते गं," ती म्हणाली. "मारलेला माझा आन मारणारा माझा. मला कुणीतरी तिसरा लागत होता."

ते ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला रडू आलं. मी तिच्या पायांशी बसून रडले. तीही रडली. मग ती म्हणाली, "तुझी आई कुठं राहिली? जा, बघ जा. तिला एकटी सोडू नको."

देवळासमोरचं अंगण रिकामं झालं होतं. मी कोपऱ्यावरून वळले आणि थांबले. काका पायरीवर बसले होते. आई त्यांच्यासमोर चार हातांवर उभी होती, डोक्यावर पदर, हातात बायबल आणि गीतांचं पुस्तक. बारा वर्षांत ती त्यांच्या इतक्या जवळ गेली नव्हती. मी पुढे जावं की मागे फिरावं हे मला कळेना, म्हणून मी होते तिथंच उभी राहिले.

"भाऊजी," आई म्हणाली.

काका उठायला लागले. तिनं हातानं बसा म्हणून खूण केली.

"बारा वर्षं माणसं माझ्याकडे येत होती," ती म्हणाली. "सगळी भलीच होती. म्हणायची, सैतानाचं काम ते, माफ कर, सोडून दे. मी रात्रंदिवस विचार करायची, माफ कुणाला करू? सैतानाला? तो काय माझ्या दारात येऊन उभा राहणार होता? भाऊजींना करावं तर सगळे म्हणतात त्यांनी केलंच नाही. माझा नवरा गेला आणि तो कुणी नेलाच नाही, असं झालं होतं माझं. रडायलासुद्धा तोंड नव्हतं कुणाकडे करून."

काका खाली बघत होते.

"आज तुम्ही म्हणालात, मी केलं." आईनं हातातली पुस्तकं छातीशी धरली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं."

"वहिनी, मी माफी मागायला पण—"

"थांबा. माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. तोंडातून येईल तेव्हा येईल, येईल की नाही तेही देवालाच ठाऊक. पण आता निदान कुणाला करायचं ते मला माहीत आहे." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "उद्या मला सुट्टी आहे. मला ती जागा दाखवा."

मग ती वळली आणि मला बघितलं. मी सगळं ऐकलं हे तिला कळलं होतं. "तूही चल उद्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं शेतावर गेलो. वडील गेल्यापासून शेत वाट्यानं दिलेलं होतं आणि आई तिकडे कधी फिरकली नव्हती. गहू ओंबीवर आला होता. पाटाला पाणी सुटलं होतं, चारी काठोकाठ वाहत होती. काका पुढे चालत होते, न थांबता, न शोधता. एका ठिकाणी चारीला बाक होता, तिथं ते उभे राहिले.

"इथं," ते म्हणाले.

आईनं चपला काढल्या. ती खाली बसली आणि त्या मातीवर तळवा टेकवला. बराच वेळ ती तशीच होती. मी तिच्या शेजारी बसले. काका उभेच होते, हात पुढे जुळवून, शाळेत उभं करतात तसे.

"ते काय बोलले शेवटी?" आईनं विचारलं.

मला वाटलं काका सांगणार नाहीत. त्यांचा चेहरा काल देवळात होता त्यापेक्षाही कोरडा झाला होता.

"मी खूप बोललो त्याला," ते म्हणाले. "माझं लग्न मोडलंस, तुझं सगळं झालंय, तुला मी नोकर हवाय, असं काय काय. तो ऐकून घेत होता. मग तो हसला. मी काल सांगितलं ते एवढंच सांगितलं, की हसला. पुढचं सांगता आलं नाही."

"आता सांगा."

"हसून म्हणाला, 'एल्या, चल, आधी जेवून घेऊ. मग भांड माझ्याशी.' आणि हात धुवायला पाण्यावर वाकला."

आईच्या तोंडून एक आवाज निघाला. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"असंच बोलायचे ते," ती म्हणाली. "माझ्याशीसुद्धा असंच. मी चिडले की म्हणायचे, आधी जेवू, मग भांडू. आणि जेवल्यावर भांडण राहायचंच नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बारा वर्षं मला वाटत होतं की ते शेवटी कळवळले असतील, माझं नाव घेतलं असेल, कुणाला तरी हाका मारल्या असतील. त्यांना कळलंसुद्धा नाही ना?"

"नाही, वहिनी. काही कळलं नाही."

"मेथी दिली होती मी त्या दिवशी."

"हो," काका म्हणाले. "माणसं येईपर्यंत मी इथंच बसलो होतो. फडकं सुटलेलं होतं. मेथी होती, आणि भाकरी चार होत्या."

"दोन तुमच्या होत्या," आई म्हणाली.

काल सगळ्या मंडळीसमोर ज्यांचा आवाज कापला नव्हता, ते काका तिथं मट्‌कन खाली बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतका मोठा माणूस असा रडताना मी तोवर पाहिला नव्हता. आई उठून त्यांच्याजवळ गेली नाही. पण ती निघूनही गेली नाही. त्यांचं रडं थांबेपर्यंत ती तिथंच बसून राहिली, आणि तिच्यामुळे मीही.

पुढचं थोडक्यात सांगते. त्यांना आत घ्यायला मंडळीला दीड वर्ष लागलं. सगळ्या मंडळीच्या ज्या बैठकीत ते ठरलं, तिथं सगळ्यांत आधी हात वर झाला तो आईचा. पाळकसाहेबांनी त्या वेळी काही लिहून दिलं नाही. काका आणखी पंधरा वर्षं जगले. वाट्यानं दिलेलं शेत त्यांनी परत कसायला घेतलं, त्यातलं धान्य आमच्या घरी यायचं. दारूला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. आजी गेली तेव्हा तिच्या एका बाजूला आई होती आणि एका बाजूला ते. 'माफ केलं' असं आई कधी म्हणाली का, मला माहीत नाही. मी ते ऐकलं नाही, आणि विचारावं असंही मला कधी वाटलं नाही.

मला आईपेक्षा जास्त वेळ लागला. जो काका मी मनात जपला होता, तो सोडून देऊन खरा होता त्याच्याशी ओळख करून घ्यायची होती. ती हळूहळू झाली. मी आजही रविवारच्या शाळेत शिकवते. सैतान कुणी केला, असं पोरं विचारतात. पाळकसाहेबांनी मला सांगितलं तेच मी त्यांना सांगते, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण कुणी विचारलं, की वाईट म्हणजे काय, तर माझ्या डोळ्यांसमोर सैतान येत नाही. पाण्यावर वाकलेली एक पाठ येते, चार भाकरींचं फडकं येतं, आणि मधला तेवढासा वेळ.

त्या दिवशी शेतावरून आम्ही उन्हं कलल्यावर निघालो. बांध अरुंद होता, एकामागे एक चालावं लागत होतं. आई पुढे, मधे मी, आणि बऱ्याच मागे काका. ते मुद्दाम मागे राहत होते, आमच्याबरोबर गावात शिरू नये म्हणून. बांध संपून गाडीवाट लागली तिथं आईनं मागे वळून पाहिलं. मग ती थांबली. मला वाटलं तिला दम लागला. पण ती माझ्या डोक्यावरून मागे बघत होती, आणि काका येऊन पोचेपर्यंत तिनं पुढे पाऊल टाकलं नाही.